‘नशा करून येऊ नये’

जून २०२४ मध्ये पुण्यात फर्ग्युसन रस्त्यावरच्या एका पबच्या स्वच्छतागृहातली चित्रफीत मोबाइलवरून फिरली आणि पुढचे चार दिवस आपण सगळेच अमली पदार्थांचे जाणकार झालो. पबांच्या बांधकामांवर बुलडोझर गेला. त्याआधी ऑक्टोबर २०२३ मध्ये ससून रुग्णालयातून अशाच गुन्ह्यातला एक कैदी पळाला होता, त्याच आठवड्यात नाशिकजवळच्या शिंदे गावात एमडी या उत्तेजक पावडरीचा कारखाना सापडला होता, आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये कुरकुंभच्या औद्योगिक वसाहतीतून शेकडो किलो एमडी निघाली होती. २०२५ उजाडता उजाडता हीच पुडी तुळजापुरात पकडली गेली आणि हे प्रकरण ‘पब संस्कृती’चं आहे या समजुतीलाही तडा गेला. वाद मात्र जिथल्या तिथे. एक बाजू म्हणते, ठेचा. मकोका लावा (२०२५ च्या पावसाळी अधिवेशनात विधिमंडळाने तशी दुरुस्तीही केली). दुसरी बाजू म्हणते, दारूची दुकानं चौकाचौकात चालतात, मग दोन-चार पोरांनी पावडर ओढली तर एवढा गहजब कशाला? पहिल्या बाजूला नशा करणारा हा पुरावा वाटतो, दुसरीला तो स्वातंत्र्याचा झेंडा वाटतो. ज्याच्या नाकातून ती पावडर आत गेली आहे त्याचं सोमवारी सकाळी काय करायचं, हे दोघांपैकी कुणीच सांगत नाही.

माझं म्हणणं असं. एमडीसारखी उत्तेजक नशा करणाऱ्याने आधी ती सोडायचं कबूल करायचं आणि मग आपण त्याला दार उघडायचं, ही आपली सध्याची पद्धत चुकीची आहे. ज्याने अजून सोडलेली नाही, ज्याची या महिन्यात सोडायची इच्छाही नाही, त्याच्याशीही सरकारी आरोग्ययंत्रणेचं नातं चालू असलं पाहिजे. तोवर त्याचा जीव राहावा, डोकं ठिकाणावर राहावं, आणि ज्या दिवशी तो तयार होईल त्या दिवशी त्याच्या नशेला लागू पडेल असा उपचार हाताशी असावा. विकणाऱ्याला आणि बनवणाऱ्याला सोडा, असं मी म्हणत नाही.

हे मला पुस्तकातून सुचलेलं नाही. आमच्याच इमारतीत तळमजल्यावर राहणाऱ्या काकांचा मुलगा रात्रपाळीत पार्सलं पोचवायचा. पब त्याने बाहेरून, पार्सल घ्यायला गेल्यावर, पाहिला असेल तेवढाच. जागं राहायला म्हणून कुणीतरी दिली, आधी आठवड्यातून एकदा, मग रोज. एका सकाळी काकांनी मला खाली बोलावलं. स्वयंपाकघराच्या फरशीवर वर्तमानपत्र पसरलेलं, त्यावर मिक्सर पूर्ण उघडलेला. स्क्रू लहान-मोठे असे ओळीने लावून ठेवलेले, वॉशर वेगळे, तांब्याची तार उलगडून सरळ केलेली. पोरगा तिसऱ्या रात्रीचा जागा होता. जबडा सारखा हलत होता, ओठ फुटले होते, आणि खिडकीला टॉवेल ठोकला होता, कारण समोरच्या इमारतीचा वॉचमन मोबाइलवर त्याचे फोटो काढतोय अशी त्याची खात्री होती. काकूंनी तोवर कुणाला तरी विचारून उंबऱ्यावर लिंबू ठेवलं होतं. आम्ही त्याला रिक्षात घालून व्यसनमुक्ती केंद्रात नेलं. केंद्राच्या दारावर पाटी होती: ‘नशा करून येऊ नये’. आतल्या माणसाने त्याच्याकडे एकदा पाहिलं आणि शांतपणे सांगितलं, उतरल्यावर आणा, शक्यतो पुढच्या आठवड्यात. तो उर्मट नव्हता. नियमच तसा होता. पण ज्या माणसाला नशा केल्याशिवाय राहताच येत नाही म्हणून आपण आणलंय त्याला ‘नशा न करता या’ म्हणणं, म्हणजे ताप उतरल्यावर दवाखान्यात या, असं सांगण्यासारखंच नाही का?

नियम कुठून आला तेही समजून घ्यायला हवं, कारण त्यामागे दुष्टपणा नाही, इतिहास आहे. ऐंशीच्या दशकात मुंबई-पुण्यात गर्द, म्हणजे ब्राउन शुगर, आली तेव्हा उपचार असे जवळपास नव्हतेच. अनिल अवचटांनी त्यावर लिहिलं, पु. ल. आणि सुनीताबाई देशपांड्यांनी देणगी दिली, डॉ. अनिता अवचटांनी पुढाकार घेतला आणि १९८६ मध्ये येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात मुक्तांगण उभं राहिलं. त्यानंतर महाराष्ट्रात उभ्या राहिलेल्या बहुतेक केंद्रांची घडण गर्द आणि दारू या दोन नशांनी झाली. या दोन्हींमध्ये शरीर आधी बोंब मारतं. गर्द बंद केली की ‘टर्की’ लागते, म्हणजे हाडं दुखतात, नाक गळतं, जुलाब होतात. पक्क्या दारुड्याची दारू एकदम तोडली तर हात थरथरतात, फिट येऊ शकते, माणूस दगावूही शकतो. म्हणून आधी दाखल करायचं, औषधं देऊन तो काळ काढायचा, मग महिना-सव्वा महिना गटचर्चा, योगासनं, समुपदेशन. हजारो घरं या पद्धतीने सावरली, आणि त्याबद्दल मी कृतज्ञच आहे. पण एमडीला टर्की नाही. नाकावाटे घेतली की काही मिनिटांत चढते, तास-दोन तासांत उतरू लागते, आणि उतरतानाच पुन्हा घ्यावीशी वाटते. पुडी संपेपर्यंत हात थांबत नाही. बंद केल्यावर माणूस दोन दिवस मेल्यासारखा झोपतो, उठून अधाशासारखा खातो, आणि घरच्यांना वाटतं, सुटली! खरी लढाई त्यानंतर सुरू होते. पुढचे कित्येक आठवडे कशातच चव नसते, जेवणात नाही, क्रिकेटमध्ये नाही, बायकोत नाही. मग ओळखीचा एखादा चौक, एखादा फोन नंबर, पावडर ओढायला गुंडाळतात तशी दहाची कोरी नोट दिसली तरी मेंदू पेट घेतो. चार भिंतींआड पस्तीस दिवस ठेवलेल्याची गाठ या चौकाशी पडते ती छत्तिसाव्या दिवशी.

बरं, गर्दवाल्यांसाठी ब्युप्रेनॉर्फिनची गोळी आहे, ती जिभेखाली ठेवून माणूस कामावर जाऊ शकतो. एमडी, कोकेन किंवा मेथॲम्फेटामाइन यांना पर्याय म्हणून मान्यता मिळालेलं एकही औषध आज नाही. २०२१ मध्ये अमेरिकेतल्या एका मोठ्या चाचणीत मेथॲम्फेटामाइनवाल्यांना दोन औषधं एकत्र दिली, तर शंभरातल्या साधारण तेरा-चौदा जणांना गुण आला; नुसतं खोटं औषध दिलेल्यांत दोन-तीन जणांना. काहीच नसण्यापेक्षा बरं, इतकंच. मग चालतं काय? गेली तीसेक वर्षं सर्वांत भरवशाची ठरलेली पद्धत इतकी साधी आहे की ती ऐकून लोक हसतात. आठवड्यातून दोनदा-तीनदा लघवीची तपासणी करायची. नशा सापडली नाही तर तिथल्या तिथे छोटं बक्षीस द्यायचं, किराण्याचं कूपन म्हणा, मोबाइलचं रिचार्ज म्हणा. सलग स्वच्छ राहिला की बक्षिसाची रक्कम चढत जाते, एकदा घसरला की पुन्हा पहिल्या पायरीवर. रागावायचं नाही, हाकलायचं नाही, पुढची तारीख द्यायची. नव्वदच्या दशकात व्हरमाँट विद्यापीठात स्टीफन हिगिन्स यांनी कोकेनच्या रुग्णांवर ही पद्धत बसवली, २०११ पासून अमेरिकेतल्या माजी सैनिकांच्या रुग्णालयांनी ती घेतली, २०२३ पासून कॅलिफोर्निया राज्य सरकारी पैशाने ती चालवतंय. उत्तेजक नशा माणसाचा ‘उद्या’ खाऊन टाकते. त्याला पाच वर्षांनंतरच्या संसाराचं आमिष दाखवून उपयोग नसतो, आजच्या दुपारी काय मिळणार ते दाखवावं लागतं. पद्धतीचं मर्म एवढंच.

‘म्हणजे आमच्या करातून गर्दुल्ल्यांना बक्षिसं वाटायची?’ हा प्रश्न येणारच, यायलाही हवा. पण क्षयाचा डोस वेळेवर घ्यावा, नीट खावं, म्हणून सरकार २०१८ पासून प्रत्येक क्षयरुग्णाच्या खात्यात दरमहा ५०० रुपये टाकत होतं आणि नोव्हेंबर २०२४ पासून १,००० टाकतंय, त्याला आपण लाच म्हणतो का? दवाखान्यात बाळंत होणाऱ्या बाईला २००५ पासून जननी सुरक्षा योजनेत पैसे मिळतात. नसबंदीला तर पैसे देण्याची जुनीच रीत आहे. हवं ते वागणं घडावं म्हणून रोख रक्कम मोजायची, हे या देशात नवं नाही. नवं आहे ते फक्त ज्याच्याविषयी आपल्याला घृणा वाटते अशा रुग्णाला ती देणं.

आता समोरच्या बाजूचं जे खरोखर वजनदार आहे ते मान्य करतो, कारण ‘नशा हा आजार आहे’ एवढा मंत्र म्हणून हा वाद जिंकता येत नाही. पहिलं: बंदीला अर्थ असतो. फेब्रुवारी २०१५ पर्यंत मेफेड्रोन, म्हणजेच एमडी, आपल्या अमली पदार्थ कायद्याच्या यादीतच नव्हती. त्या काळात मुंबईत ‘म्याव म्याव’ नावाने ती स्वस्तात आणि बिनधास्त मिळत होती आणि शाळकरी पोरांपर्यंत गेली होती. कायद्याच्या बाहेर असणं म्हणजे सुरक्षित असणं नव्हे, हे आपणच भोगलंय. दुसरं: उत्तेजक नशेत माणूस संशयी होतो, कधी अंगावर येतो, आणि त्याच्यासोबत एका खोलीत राहणाऱ्या आईला ‘हानी कमी करा’, म्हणजे नशा सुटेपर्यंत तिचं नुकसान तरी आवरा, हा सल्ला थट्टेसारखा वाटू शकतो. तिसरं: सुया बदलून देण्याने किंवा ब्युप्रेनॉर्फिनने काय साधतं याचे पुरावे ढीगभर आहेत, उत्तेजक नशेतल्या हानी-नियंत्रणाचे तेवढे नाहीत. चौथं आणि सर्वांत बोचरं: ओरेगॉन. अमेरिकेतल्या या राज्याने २०२० मध्ये जनमत घेऊन स्वतःपुरता साठा बाळगणं गुन्ह्यातून काढलं, २०२१ पासून ते लागू केलं, रस्त्यांवर उघड नशा वाढली, लोक वैतागले आणि सप्टेंबर २०२४ मध्ये राज्याला ते पुन्हा गुन्ह्यात आणावं लागलं. ‘बघा, सैल सोडलं की हेच होतं,’ असं म्हणणाऱ्याला हसून टाळता येणार नाही.

पण ओरेगॉनमध्ये नेमकं केलं काय? पकडलेल्याला शंभर डॉलरची पावती, आणि एका मदतक्रमांकावर फोन केला की तीही माफ. फोन फारच थोड्यांनी केला. उपचारकेंद्रांचे पैसे उशिरा पोचले, नेमक्या त्याच काळात फेंटानिल या गर्दहून कितीतरी जहाल नशेची लाट आली. थोडक्यात, त्यांनी काठी काढून घेतली आणि दार बांधायचं विसरले. पोर्तुगालने २००१ मध्ये वेगळं केलं होतं. दहा दिवसांपुरता साठा असलेला माणूस न्यायालयात न जाता एका समितीपुढे जातो. या समित्यांवर कायद्याच्या माणसांबरोबर मानसशास्त्रज्ञ आणि समाजसेवक असतात, आणि तिथून उठून जाता येईल असे दवाखाने त्यांनी आधी उभे केले होते. पदार्थ तिथेही बेकायदाच आहे. दोन्ही उदाहरणं ‘कायदा कडक की सैल’ या मापाने मोजली की कोडं सुटत नाही. दार होतं का, असं विचारलं की लगेच सुटतं. आणि कडकपणाचीच कसोटी हवी असेल तर थायलंड घ्या. २००३ मध्ये ‘याबा’ नावाच्या मेथच्या गोळ्यांविरुद्ध तिथल्या सरकारने युद्ध पुकारलं, पहिल्या तीन महिन्यांत अडीच हजारांवर माणसं मारली गेली, पुढे सरकारनेच नेमलेल्या समितीला दिसलं की त्यातल्या निम्म्यांहून अधिकांचा अमली पदार्थांशी संबंध नव्हता. याबा आजही तिथे मिळते. किंमत मोजली गेली, वस्तू मात्र आली नाही.

राहतो तो मूळ आक्षेप, जो आकड्यांनी मिटत नाही: नशा चालू असलेल्याला मदत केली म्हणजे नशेला मान्यताच दिली. या आक्षेपाचं उत्तर शोधायला पोर्तुगालला जायची गरज नाही. १८६३ साली पुण्यात जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं. त्या काळी तरुण विधवांना पुनर्विवाह नाकारलेला; घरातल्याच कुणाकडून त्यांना दिवस जात, मग गुपचूप बाळंतपण आणि नवजात मुलाचा गळा घोटणं. कायद्याचं उत्तर तयार होतं: खुनाचा खटला. अशा एका विधवेला काळ्या पाण्याची शिक्षाही झाली. समाजाचंही उत्तर तयार होतं: बाईने मुळात तसं वागूच नये. फुल्यांनी काय केलं? भिंतींवर जाहिराती लावल्या की, विधवांनो, इथे येऊन गुप्तपणे सुखरूप बाळंत व्हा, मूल न्यायचं की इथेच ठेवायचं हे तुमच्या मर्जीवर. ‘आधी पश्चात्ताप करा, मग या’ अशी अट त्यांनी घातली नाही. पोट दिसतंय, दिवस भरत आलेत, आता दोन जीव वाचवायचे आहेत, इथून त्यांचा विचार सुरू झाला. यामुळे अनाचार बोकाळेल, असं म्हणणारे तेव्हाही होतेच. आज त्या गृहाचा उल्लेख करताना आपली छाती फुगते. पण तोच युक्तिवाद एमडीवाल्या पोरासाठी कुणी केला की आपण त्या जुन्या टीकाकारांच्या ओळीत जाऊन उभे राहतो.

शिवाय आपलं सरकार हानी-नियंत्रण करतंच आहे, फक्त मोठ्याने सांगत नाही. नव्वदच्या दशकात सांगलीत वेश्याव्यवसायातल्या बायकांनीच आपसात कंडोम वाटायला सुरुवात केली. तिकडे मणिपुरात सुईने नशा करणाऱ्यांमध्ये एचआयव्ही पसरत होता. राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेने पुढे हे सगळं आपल्या कार्यक्रमात घेतलं: कंडोम, स्वच्छ सुया, ब्युप्रेनॉर्फिन. म्हणजे नशा चालू असलेल्या माणसाला सरकारी पैशाने सुई मिळते, तीही कायद्याने आणि उजळ माथ्याने. पण हे दार विषाणूच्या भीतीने उघडलं होतं, माणसासाठी नव्हे. म्हणून जो नाकाने ओढतो, ज्याच्या हातात सुई नाही, तो त्या योजनेत कुठेच बसत नाही. त्याच्याकडून साथ पसरण्याचा धोका कमी, म्हणून त्याची दखलही कमी!

त्याला देण्यासारखं काय आहे, हे विचारणाऱ्यांना मोठ्या यंत्रांची अपेक्षा असते. यादी घरगुती आहे. झोप, पाणी आणि जेवण, कारण तीन दिवस न झोपलेला मेंदू भास निर्माण करतोच. नोटेची किंवा नळीची अदलाबदल नको, नाकातल्या रक्तातून हेपॅटायटिस सी जाऊ शकतो. सोबत दारू नको. एकट्याने नको. छातीत दुखलं, अंग भट्टीसारखं तापलं, फिट आली की वाट बघत बसायचं नाही, रुग्णालय गाठायचं. गर्दच्या अतिसेवनावर नालोक्सोन आहे, इथे तसा उतारा नाही, इथे वेळच औषध आहे. आणि पुडीत काय आहे ते कळायला हवं. २०१५ मध्ये मुंबई पोलिसांनी शंभर किलोहून जास्त एमडी पकडल्याचं एक प्रकरण गाजलं होतं. पुढे तपासणीच्या एका अहवालात ती पावडर अजिनोमोटो असल्याचं निघालं. पोलिसांना जिथे प्रयोगशाळेशिवाय कळत नाही तिथे विशीतल्या पोराला बोटावर घेऊन काय कळणार? नेदरलँड्समध्ये १९९२ पासून लोक आपल्याकडचा नमुना तपासायला देऊ शकतात, त्यातून सरकारलाही बाजारात कुठलं नवं विष आलंय ते आधी कळतं. हे आपल्याकडे उद्या होईल असं मला वाटत नाही. जेवण आणि झोप मात्र उद्यापासून होऊ शकते.

कायद्याची आडकाठी आहे का? आहे, पण सांगतात तेवढी नाही. १९८५ च्या अमली पदार्थ कायद्याच्या कलम २७ प्रमाणे नुसतं सेवन हाही गुन्हा आहे. पदार्थ कोणता यावरून सहा महिने किंवा वर्षापर्यंत कैद, नाहीतर दंड, नाहीतर दोन्ही. पण त्याच कायद्यात कलम ३९ आहे, ज्याखाली न्यायालय अशा माणसाला तुरुंगाऐवजी उपचाराला पाठवू शकतं. कलम ६४-अ आहे, ज्याखाली स्वतःहून उपचार घेणाऱ्या व्यसनी माणसावर किरकोळ साठ्यासाठी खटलाच चालत नाही. ही कलमं वापरतं कोण? मुंबईच्या न्यायालयांतल्या २०१७-१८ मधल्या खटल्यांचा अभ्यास झाला तेव्हा दिसलं की मोठा भाग सेवनाच्याच प्रकरणांचा, आणि आरोपी गुन्हा कबूल करून किरकोळ दंड भरून मोकळे होतात. सगळ्यांच्या सोयीचा व्यवहार: पोलिसांना आकडा, न्यायालयाला निकाल, पोराला त्याच संध्याकाळी पुन्हा तोच कट्टा. ६४-अ मध्येही एक मेख आहे. उपचार ‘पूर्ण’ केला नाही तर संरक्षण काढून घेता येतं. जो आजार चार वेळा उलटतो त्याचा उपचार पूर्ण झाला हे ठरवायचं कुणी आणि कसं? मधुमेहाचा उपचार कधी पूर्ण होतो? राज्य सरकारने एवढंच लिहून द्यावं की नेमलेल्या तारखांना येत राहणं म्हणजेच उपचार चालू असणं, मग मधे पुन्हा घेतली असली तरी. त्यासाठी दिल्लीकडे डोळे लावून बसायला नको.

आणि दुसरी गोष्ट रुग्णालयाच्या दारातली. अपघात विभागात काम करणाऱ्या कुणालाही विचारा. रात्री अडीचला एक पोरगा रिक्षातून उतरवला जातो, आणणारे दोघं मित्र ‘जेवणातून काहीतरी झालं’ म्हणतात आणि केसपेपर निघेपर्यंत पसार होतात. कारण ‘एमएलसी’, म्हणजे पोलिसांना कळवायची केस, ही अक्षरं उच्चारली की पोलीस येणार, हे त्यांना ठाऊक असतं. डॉक्टर मग अंधारात चाचपडतात. रस्त्यावरच्या अपघातात आपण हेच भोगलं होतं. चौकशीच्या भीतीने लोक जखमीला हात लावत नव्हते. २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आणि २०१९ मध्ये मोटार वाहन कायद्यातल्या दुरुस्तीने मदत करणाऱ्याला संरक्षण दिलं. त्याने बेदरकार गाडी चालवण्याला मान्यता मिळाली, असं कुणी म्हटलं का? मग मित्राला दवाखान्यात आणणाऱ्याने ‘याने एमडी घेतलीय’ एवढं खरं सांगितलं म्हणून त्याच्यावर कारवाई होणार नाही, हा नियम करायला हरकत कसली?

सक्तीबद्दल मात्र माझं मन पूर्ण स्वच्छ नाही, ते सांगून टाकतो. ‘कोंडलं म्हणून वाचला’ असं सांगणारी माणसं मी पाहिली आहेत आणि ती खोटं बोलत नाहीत. पण रात्री चार धडधाकट माणसं गाडी घेऊन येतात, पोराला उचलतात, कुठल्याशा बंगल्यात तीन महिने ठेवतात, बापाकडून महिन्याचे पैसे घेतात आणि मारतातही, अशी ‘केंद्रं’ही मी ऐकून आहे. २०१७ चा मानसिक आरोग्य कायदा दारू आणि अमली पदार्थांशी निगडित मानसिक अवस्थांनाही लागू आहे. कुणाला त्याच्या मर्जीविरुद्ध दाखल करायचं तर त्याची पद्धत त्यात लिहिलेली आहे, नुसत्या बापाच्या सहीवर भागत नाही. जो भास होऊन स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या जिवावर उठलाय त्याला काही दिवस थांबवावं लागेल, हे मी मानतो. तीन महिने कोंडून ठेवणं हा त्याचा उपचार आहे, हे मानत नाही. मुलगा पळून गेला तर? ही काकांची भीती होती, आणि त्या भीतीच्या बाजारभावावरच हे बंगले चालतात.

काकांनी बंगल्यातल्या माणसाला फोन केला होता, आगाऊ रक्कमही ठरली होती. मधेच कुणीतरी एका सरकारी रुग्णालयातल्या मानसोपचार विभागाचं नाव सांगितलं, म्हणून तिकडे एकदा जाऊन बघू म्हणाले. बाहेर पाटी नव्हती. बाकडी होती आणि त्यावर बरीच गर्दी. डॉक्टरीण वयाने लहान, पोराहून पाच-सहा वर्षांनी मोठी असेल. तिने त्याला झोप किती होते, जेवतोस काय, आवाज ऐकू येतात का, असं विचारलं. कधी सोडणार ते विचारलं नाही. झोपेच्या गोळ्या चार दिवसांच्याच लिहिल्या, मंगळवारी परत या म्हणाली. पोरगा उठला. काका मात्र खुर्चीवरून उठेनात. प्लॅस्टिकच्या पिशवीत केसपेपर घालत, तिच्याकडे न बघता त्यांनी विचारलं, ‘मॅडम, सोमवारी रात्री त्याने परत घेतली, तर मंगळवारी आणायचं की नाही?’

‘आणा,’ ती म्हणाली. ‘फक्त जेवून आणा.’